फाकारावातले सात आठवडे

प्रशांत महासागरात, फ्रेंच पॉलिनेशियाच्या तुआमोतू बेटसमूहात फाकारावा आहे. त्याच्या भोवतीच्या प्रवाळातल्या उत्तरेच्या खिंडीबाहेर आम्ही शिडाच्या बोटीत जवळजवळ चार तास ताटकळत होतो. मार्केसास बेटांतलं नुकू हिवा सोडून पाचवा दिवस उजाडला होता, साडेपाचशे समुद्री मैल मागे पडले होते आणि दोघांच्याही डोळ्यांवर झोप होती. समोर नारळाच्या झाडांची एक बारीक रेघ, तिच्याखाली लाटा फुटल्याची पांढरी रेघ, बस्स. तुआमोतूची बेटं इतकी ठेंगणी आहेत की सात-आठ मैलांवर येईपर्यंत ती दिसतच नाहीत. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल 1768 मध्ये इथून गेला तेव्हा त्यानं या बेटांना धोक्याचा द्वीपसमूह असं नाव दिलं. पुढे 1947 मध्ये नॉर्वेचा संशोधक थॉर हेयरडाल याचा कॉन-टिकी तराफा 101 दिवसांच्या प्रवासानंतर याच समूहातल्या रारोइयाच्या प्रवाळावर जाऊन आदळला. आमच्याकडे जीपीएस होतं, उपग्रहाचे फोटो होते. तरी खिंडीत कधी शिरायचं हे पाणीच ठरवतं, म्हणून थांबलो.

या थांबण्यामागचं कारण कळायला बेटाची घडण माहीत असावी लागते. फाकारावा हे कंकणद्वीप आहे: मध्ये साधारण 60 किलोमीटर लांबीचं शांत पाणी आणि भोवती प्रवाळाचं कडं. डार्विननं 1842 मध्ये मांडलं होतं, की एकेकाळी मधोमध ज्वालामुखीचा डोंगर असतो, तो हळूहळू खाली बसत जातो, भोवतीचं प्रवाळ मात्र वर वाढत राहतं. शेवटी डोंगर नाहीसा होतो, कडं उरतं. मोठ्या लाटा या कड्यावरून आत पाणी टाकत राहतात आणि आत साठलेलं सगळं पाणी बाहेर पडायला जागा म्हणजे दोन खिंडी. उत्तरेची गारुआए खिंड दीडेक किलोमीटर रुंद आहे, फ्रेंच पॉलिनेशियातली सर्वांत रुंद. तरीही बाहेर पडणारा प्रवाह आणि समोरून येणारी लाट एकमेकींना भिडल्या की तिथं पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. दुर्बिणीतून आम्ही त्या भिंती बसायची वाट पाहत होतो. अकराच्या सुमारास पाणी स्थिर झालं, इंजिन चालू केलं आणि वीस मिनिटांत आत. पाच दिवस हलत असलेली बोट एकदम थांबल्यासारखी झाली. ओट्यावर ठेवलेला कप जागचा हलला नाही, हे पाहून मला रडू आलं.

डोंगर नाहीसा झालाय, हे मी नंतर अनेकदा स्वतःशी म्हटलं. डोंगर नाही म्हणजे वाऱ्याला आडोसा नाही. डोंगर नाही म्हणजे ओढा नाही, झरा नाही, गोडं पाणी नाही. बोटीवरच्या आमच्या दिवसाचा बराचसा भाग या दोन गोष्टींमागे गेला.

आमची बोट 38 फुटी, एका शिडकाठीची. मी आणि नवरा, दोघंच. मेच्या अखेरीला आत शिरलो ते जुलैच्या मध्यापर्यंत तिथंच राहिलो. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर शिडाच्या बोटीनं हिंडणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर झुला येतो. झुला आमच्याकडेही होता, संध्याकाळी अर्धा तास कामाला यायचा.

सकाळी साडेपाचला जाग यायची. डोळे उघडायच्या आत बोटीचं तोंड कुठं आहे ते अंगाला कळायचं, कारण नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि छतावरच्या खिडकीतून आकाश कुठून उजळतंय ते दिसतं. मग बॅटरीचा आकडा. रात्रभर फ्रीज, नांगरावरचा दिवा, फोन यांनी किती वीज खाल्ली ते पाहायचं. मग उपग्रहावरून हवामानाची फाइल उतरवायची. पुढचे पाच दिवस वारा कुठून, किती. हे झाल्याशिवाय चहा नाही, असा आम्ही नियम केला होता.

गोडं पाणी आम्ही समुद्रातूनच काढायचो. बोटीत एक लहान यंत्र आहे, ते खाऱ्या पाण्याला प्रचंड दाब देऊन एका पडद्यातून ढकलतं, मीठ मागे राहतं. तासाला 25 लिटर. त्याला वीज भरपूर लागते, म्हणून सूर्य डोक्यावर आला आणि सौर पॅनेलं जोरात चालू लागली की ते चालवायचं. ढगाळ दिवस म्हणजे पाणी नाही. दोघांना मिळून दिवसाला 20 लिटर, त्यात पिणं, स्वयंपाक, अंघोळीनंतरची शेवटची धुवण. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासायची आणि गोड्या पाण्याचा फवारा मारून पुसायची. अंघोळ समुद्रात, मग डेकवर बसून दोन लोटे. अंगावरचं मीठ नीट उतरलं नाही तर ते रात्री हवेतला दमटपणा ओढतं, चादर ओलसर होते आणि एकदा गादीत गेलेलं मीठ महिनाभर जात नाही. पाऊस आला की हातातलं काम टाकून दोघंही धावायचो, ताडपत्री बांधायला. पहिली पाच मिनिटं डेक धुऊन जाऊ द्यायचा, मग टाकीचं झाकण उघडायचं. एका रात्री तासाभरात दोनशे लिटर मिळाले. दुसऱ्या दिवशी मी केस गोड्या पाण्यानं धुतले, अगदी मनसोक्त.

दुरुस्ती तर रोजचीच. मीठ, ऊन आणि घर्षण यांच्यापुढे काही टिकत नाही. शिडाचं कापड शाबूत असतं, पण उन्हानं शिवणीचा दोरा कुजतो. नखानं ओढला की तुटतो. मग दिवसभर डेकवर बसून, तळहातावर चामड्याचा पट्टा चढवून, जुन्याच भोकांतून सुई घालत शिवायचं. सगळ्यांत नकोसं काम संडासाच्या पाइपाचं. समुद्राच्या पाण्यानं संडास धुतला की लघवी आणि खारं पाणी मिळून पाइपाच्या आत चुनखडीचा थर धरतो. दीड इंची पाइप हळूहळू बोटाएवढा उरतो. पंपाचा दांडा जड लागायला लागला की समजायचं. चौथ्या आठवड्यात आमचा पाइप काढावा लागला. सगळी फडताळं रिकामी केली, क्लॅम्प सोडवले, पाइप गरम पाण्यानं मऊ करून ओढून काढला आणि किनाऱ्यावर नेऊन दगडावर आपटला. प्रत्येक आपटीबरोबर आतून अंड्याच्या कवचासारखे पांढरे पापुद्रे पडत होते. सकाळी सातला सुरू केलेलं काम दुपारी चारला संपलं. त्यानंतर मी दर आठवड्याला रात्री त्यात व्हिनेगर ओतून ठेवू लागले. पंप परत जड झाला नाही.

रोतोआव्हा हे उत्तरेकडचं गाव. एक रस्ता, दोन-चार दुकानं, चर्च, धक्का. इथं फ्रेंच पॅसिफिक फ्रँक चालतो, 1 युरोला 119.33 असा दर बांधलेला. माल ताहिती बेटावरच्या पापीतीहून जहाजानं येतो, साडेचारशे किलोमीटरवरून. जहाज येतं त्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर असतं. बटाटे, पेट्रोलची पिंपं, गाद्या, सायकली उतरतात आणि वाळलेल्या खोबऱ्याची पोती चढतात. दुकानात लाल चिठ्ठी लावलेल्या वस्तूंचे भाव सरकारनं बांधलेले असतात, तांदूळ, पीठ वगैरे. भाजी आली तर दोन दिवसांत संपते. आम्ही कोबी घ्यायचो, कारण बाहेरचं एकेक पान काढत गेलं तर कोबी फ्रीजशिवाय तीन आठवडे राहतो. अंडी न धुतलेली घ्यायची आणि दर दोन-तीन दिवसांनी उलटी करायची. पुठ्ठ्याचं खोकं मात्र बोटीवर आणायचं नाही, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात; सगळं धक्क्यावरच पिशव्यांत रिकामं करायचं.

मासे समोर पोहत असतात, पण ते असेच पकडून खाता येत नाहीत. प्रवाळावर वाढणाऱ्या एका सूक्ष्म शेवाळातलं विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. त्याला सिग्वातेरा म्हणतात आणि त्या शेवाळाचं शास्त्रीय नावच गाम्बिएर बेटांवरून पडलंय, म्हणजे याच देशातलं. मासा शिजवा, तळा, गोठवा, विष जात नाही. त्याची बाधा झालेल्या माणसाला थंड वस्तूही चटका बसल्यासारखी लागते. कुठल्या खडकावरचा कुठला मासा चालतो हे फक्त गावातल्या माणसांना ठाऊक असतं. आम्ही धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या मासेमाराला दर वेळी मासा दाखवायला न्यायचो. तो पाहायचा, कुठं पकडला ते विचारायचा आणि मान हलवायचा. एकदा मोठा, सुंदर, तांबूस मासा त्यानं काही न बोलता परत माझ्या हातात दिला आणि आपल्या टोपलीतले दोन लहान मासे वर ठेवले.

आता नांगराबद्दल. इथला तळ म्हणजे वाळू आणि वाळूतून ठिकठिकाणी वर आलेले प्रवाळाचे सुळके. बोट वाऱ्याबरोबर फिरते, साखळी तळावर घासत फिरते आणि एखाद्या सुळक्याला वेढा घालून बसते. त्यात प्रवाळही मोडतं. वर्षानुवर्षं वाढलेली फांदी आमची साखळी एका रात्रीत भुगा करू शकते, हे पाण्याखाली डोळ्यांनी पाहिल्यावर मला फार लागलं. यावर उपाय असा की साखळी तरंगती ठेवायची. मोत्यांच्या शेतीतून सुटलेले काळे, फुटबॉलएवढे प्लास्टिकचे बोये किनाऱ्यावर वाहून आलेले असतात; आम्ही चार उचलून आणले. नांगर वाळूत पक्का बसला, की पहिले वीसेक मीटर साखळी तळावर पडू द्यायची, मग दर आठ-दहा मीटरला एक बोया अडकवत पुढची साखळी सोडायची. मग साखळी सुळक्यांच्या वरून कमानीसारखी तरंगते. मी पुढे नाळेवर, नवरा सुकाणूवर. या कामात आम्ही तोंडानं बोलत नाही, फक्त हातवारे. मूठ म्हणजे थांब, तर्जनी वर म्हणजे पुढे, तळहात खाली म्हणजे इंजिन बंद. ओरडून बोललं की वाऱ्यात निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्याचं भांडण होतं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही रोतोआव्हासमोर होतो. सकाळी पोहताना मला दिसलं, की चौथा बोया निसटून गेलाय. उद्या लावू म्हटलं. हवामानाच्या फाइलमध्ये दिसत होतं, की दक्षिणेकडून कमी दाबाचा पट्टा सरकतोय आणि वारा पूर्वेकडून उत्तर, मग पश्चिम असा फिरणार आहे. रोतोआव्हा ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. पूर्वेचा वारा असताना तिथं तळ्यासारखं पाणी असतं. पश्चिमेचा वारा आला की त्याला मोकळं पाणी मिळतं आणि आपल्या पाठीशी प्रवाळाचा किनारा. निघायला हवं होतं. पण मालाचं जहाज दुसऱ्या दिवशी येणार होतं, आमची अंडी आणि कांदे संपले होते. आम्ही थांबलो.

आधी वारा पडला. बोट तासन् तास दिशा नसल्यासारखी भरकटत राहिली. रात्री एकच्या सुमारास पश्चिमेकडून वारा आला आणि मला पहिल्या धक्क्यानं जाग आली. नांगरावर बोट हलते तेव्हा साखळी ताणते आणि सोडते, त्यात एक लवचिकपणा असतो. हा धक्का तसा नव्हता, कुणीतरी खालून दोरी हिसकावावी तसा होता. साखळी सुळक्याला गुंडाळली गेली होती. 60 मीटर सोडली होती, त्यातली मोकळी उरली असावी पंधराएक मीटर, आणि खाली खोली 13. साखळी जवळजवळ उभी. प्रत्येक लाटेला नाळ वर जायची आणि साखळी तिला खाली खेचायची. धक्का झेलायला साखळीला नायलॉनचा जाड दोर जोडलेला असतो. दीड वाजता तो बंदुकीसारखा आवाज करून तुटला. नवऱ्यानं इंजिन चालू करून हळू पुढे रेटत ठेवलं, मी नाळेवर पालथी पडून दुसरा दोर साखळीला बांधला. हातातली बॅटरी दातांत, पाणी तोंडावर, गाठ तीनदा चुकली. चौथ्यांदा बसली. पहाटेपर्यंत आम्ही तसेच होतो, तो गिअरच्या दांड्याशी आणि मी नाळेवर. मागे, शंभर-सव्वाशे मीटरवर, अंधारात लाटा प्रवाळावर फुटत होत्या.

उजाडल्यावर मी मुखवटा लावून पाण्यात उतरले. तळ ढवळून पाणी दुधी झालं होतं. साखळी सुळक्याभोवती एक पूर्ण वेढा घेऊन एका कपारीत अडकली होती. मी वर येऊन हातानं गोल दाखवायचे, घड्याळाच्या उलट्या दिशेनं, आणि नवरा बोट त्या दिशेनं न्यायचा. तीन वेळा डुबकी मारून साखळी ढिली व्हायची वाट पाहिली, चौथ्यांदा ती स्वतःच कपारीतून सरकली. तिथं प्रवाळाचा एक पंख्याएवढा तुकडा मोडून पडला होता, आतून पांढराशुभ्र. तो अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या दिवसापासून आमचं वेळापत्रक बदललं. फाइलमध्ये वारा फिरताना दिसला, की तो फिरायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही जागा सोडलेली असायची, मग गावात जहाज येणार असो की कुणी जेवायला बोलावलेलं असो. आणि निसटलेला बोया त्याच तासाला लागायचा.

पश्चिमेच्या वाऱ्यामागून मारामू येतो, आग्नेयेचा हिवाळी जोरदार वारा, तो चार-पाच दिवस हटत नाही. त्यासाठी जागा म्हणजे कंकणाचा आग्नेय कोपरा, हिरिफा. रोतोआव्हाहून तीसेक मैल दक्षिणेला. पूर्व कड्याच्या आतून खुणा लावलेला मार्ग आहे, तरी आम्ही सकाळी नऊनंतरच निघायचो, म्हणजे सूर्य वर आलेला असतो आणि पाण्याचे रंग वाचता येतात. मी नाळेवर उभी राहून पाण्यावरची चकाकी कमी करणारा चष्मा लावून पाहत राहायचे. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळू आणि उथळ, तपकिरी किंवा पिवळसर म्हणजे प्रवाळ, लांब राहा. ढग आला की रंग पुसले जातात, तेव्हा वेग कमी करायचा आणि ढग जाऊ द्यायचा. पाच-सहा तास असं उभं राहिल्यावर रात्री डोळे मिटले तरी रंगच दिसतात.

हिरिफाला मारामू डोक्यावरून वाहत होता, शिडकाठीच्या तारा शिट्ट्या घालत होत्या आणि बोटीखालचं पाणी मात्र सपाट होतं. तिथं आम्ही दोन आठवडे राहिलो. सकाळी कामं, दुपारी पुस्तकं, ओहोटीला कड्यावर चालणं. संध्याकाळी अंधार पडला की दक्षिणेला त्रिशंकू उंच चढलेला असायचा.

वारा उतरल्यावर तिथून जवळच, दक्षिणेच्या तुमाकोहुआ खिंडीकडे गेलो. पाणी आत येत असताना खिंडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं, डिंगीची, म्हणजे बोटीसोबतच्या लहान होडीची, दोरी हातात धरायची आणि प्रवाह नेईल तसं वाहत जायचं. खाली राखाडी शार्क. संशोधकांनी इथं एका वेळी 700 पर्यंत मोजलेत. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास हेकरूच्या जातीचे हजारो मासे अंडी घालायला याच खिंडीत जमतात, शार्कची गर्दी त्यांच्यामुळे. आम्ही जुलैच्या पौर्णिमेला होतो. तळावर मासेच मासे, त्यांच्यावर शार्कचा थर, सगळे प्रवाहाकडे तोंड करून, शेपट्या जेमतेम हलवत. भीती वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या त्या संथपणात मी श्वास घ्यायचाच विसरले. 2012 पासून या देशाच्या सगळ्या समुद्रात शार्क मारायला बंदी आहे. एवढे शार्क एका ठिकाणी जिवंत पाहताना मला त्या कायद्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी खिंडीच्या आतल्या बाजूला एक बोट नव्यानं येऊन नांगरली होती. दोघंच होते, आमच्यासारखे, मार्केसासहून आलेले. साखळी तळावर सरळ सोडलेली दिसली. संध्याकाळी डिंगीतून जाऊन मी त्यांना आमचे चारही बोये दिले, ते कुठं नि कसे अडकवायचे ते हातानं दाखवलं, आणि रोतोआव्हाची रात्र सगळी सांगितली. त्या बाईनं वहीत लिहून घेतलं.

सकाळी पाणी स्थिर झाल्यावर आम्ही दक्षिणेच्या खिंडीतून बाहेर पडलो. बाहेर आग्नेयेचा पंधरा-सोळा नॉटचा वारा, ताहितीला साधारण दोन दिवस. मोठं शीड चढवलं, इंजिन बंद केलं. दीड तासानं नारळाची रेघ पाण्यात बुडाली. माझा पहारा रात्री बाराला होता, म्हणून मी खाली जाऊन झोपले.